मागची दिसतेय का?

सुरूर फाट्याला आमच्या सहा गाड्या हरवल्या. त्या हरवल्या की आम्ही हरवलो, यावर त्या रात्री पाचगणीत बराच वाद झाला. झालं होतं ते इतकंच. डिसेंबरातल्या एका रविवारी पुण्याहून जुन्या मोटारींचा ताफा निघाला होता. एकूण चौदा गाड्या. सगळ्यांत पुढे एक उघडी टूरर, तिच्यामागे आमची मॉरिस एट, मग दोन डुक्कर फियाट आणि मागे बाकीचा गोतावळा. मॉरिस भाऊकाकांची. मी डाव्या सीटवर. काम दोनच: वाट सांगायची आणि वेळ पडली तर हँडल मारायचं. खंबाटकी चढून उतरलो, सुरूरला हमरस्ता सोडला आणि वाईच्या रस्त्याला लागलो. आठवी गाडी वळली आणि तिच्या मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मध्ये घुसला. तो बाजूला झाला तेव्हा नवव्या गाडीला पुढे कुणीच दिसेना. पुढे गेले असतील, असं समजून ती सरळ साताऱ्याच्या दिशेने निघाली. तिच्या मागच्या पाच जणांनी तिच्यावर विश्वास टाकला.

आम्ही आठ जण वाईच्या रस्त्यावर एका बाभळीखाली पाऊण तास उभे. लीड गाडीवाल्यांचा फोन मागच्या सीटवरच्या पिशवीत, स्वेटरच्या घडीत वाजत होता. तिकडे ते सहा जण भुईंज मागे टाकून पाचवडला चहाला थांबले, टपरीवाल्याने वाईला जाणारा दुसरा रस्ता दाखवला, त्या रस्त्याने ते वाईत आले, मिसळ खाल्ली आणि पसरणीचा घाट चढून आमच्या आधी पाचगणीत पोहोचले. म्हणून तो वाद.

हीच चूक आजच्या गाड्यांच्या सहलीत झाली तर कुणी मनावर घेत नाही. एक फोन, एक यू-टर्न, दहा मिनिटांत सगळे परत एकत्र. जुन्या गाडीचं तसं नसतं. ती थांबली की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची नळी जात असेल तर नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता खटखटत राहतो. मग ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाट बघायची. रेडिएटर उकळला तर पाणी हवं, टायर गेला तर बहुतेक वेळा दोन माणसं हवीत, आणि नाहीच काही जमलं तर टोचन करायला दुसरी गाडी हवी. १९१८ सालची असो की १९५८ सालची, अशी गाडी बाहेर काढणाऱ्याला मागे कुणीतरी आहे हा भरवसा लागतो. क्लबच्या ड्राइव्हला लोक मिरवायला येतात असं बाहेरच्यांना वाटतं. ते खोटं नाही. पण अर्धे लोक या भरवशासाठी येतात.

त्यात आपल्याकडे या गाड्या आता रोजच्या रस्त्यावरच्या राहिल्याच नाहीत. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नंबरात राज्याच्या खुणेनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी नोंदणी असलेली गाडी रोजच्या ये-जा करण्याला किंवा धंद्याला वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली गाडी एकदम दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला निघते. तिच्यात काय बिघडलं आहे हे मालकाला खंबाटकीतच कळतं.

आता ताफ्याचं गणित. वीस गाड्या ताशी चाळीसने चालल्या आहेत आणि दोघींमध्ये पन्नास मीटर अंतर आहे असं धरा. जुन्या ब्रेकांना एवढं अंतर हवंच. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. या हिशोबाने ताफा एक किलोमीटरहून लांब होतो. पहिली गाडी एखाद्या चौकातून गेली की शेवटची तिथे यायला दीड मिनिट लागतं. चौकातला सिग्नल तुमच्यासाठी दीड मिनिट हिरवा राहत नाही, म्हणजे ताफा तुटणारच. एका मिनिटाच्या लाल दिव्यात पुढचे जवळजवळ पावणेसातशे मीटर पुढे गेलेले असतात. त्यांना गाठायला मागच्यांनी ताशी पन्नासने हाकलं तरी चार मिनिटं आणि सव्वातीन किलोमीटर लागतात, तेही पुढच्यांनी वेग वाढवला नाही तर. आणि जिचा सुखाचा वेग पंचेचाळीस आहे तिला हे जमणारच नाही. ती इंजिन फाडून घेईल पण गाठणार नाही.

म्हणून अनुभवी क्लब दोन गोष्टी करतात. सगळ्यांत संथ गाड्या पुढे सोडतात, आणि ताफा अखंड ठेवण्याचा हट्ट सोडतात. चार-पाच गाड्यांच्या टोळ्या करायच्या, प्रत्येक टोळीला एक जाणता माणूस द्यायचा, आणि शेवटी मेकॅनिकला घेऊन एक नवी दणकट गाडी. तिला स्वीप म्हणतात. कुठलीही जुनी गाडी तिच्या मागे राहता कामा नये. हे आपल्याला नवीन नाही. वारीत दिंड्यांना रथाच्या पुढचा किंवा मागचा क्रमांक असतो. माणूस चुकला तर पालखी शोधत फिरत नाही, आपल्या दिंडीचा नंबर विचारतो.

टोळ्या केल्या तरी त्यांच्यात निरोप जात राहावा लागतो. मोटारीचा आणि निरोपाचा संबंध मोटारीइतकाच जुना आहे, थोडा आधीचाही. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनापुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल निशाण घेऊन चालवला होता. पुढच्यांना सावध करायचं, घोडे बुजू द्यायचे नाहीत, एवढंच त्याचं काम. १८९६ मध्ये वेगाची मर्यादा सैल करणारा कायदा आला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी धाव काढून तो साजरा केला. आजही नोव्हेंबरात १९०५ च्या आधीच्या गाड्या ती वाट चालतात आणि सुरुवातीला समारंभाने लाल निशाण फाडतात. फाडायला हरकत नाही, पण ताफ्यांतल्या तंट्यांवर त्या निशाणवाल्या माणसाइतका स्वस्त उपाय मी अजून पाहिलेला नाही.

त्याच देशात १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली ती पोलिसांच्या वेगपकडीपासून सभासदांना वाचवायला. तिचे सायकलवरचे शिपाई पुढे पोलीस लपले असतील तर येणाऱ्या मोटारीला खूण करायचे. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की अशी खूण म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग संस्थेने युक्ती काढली. शिपायाने सभासदाच्या गाडीला एरवी नेहमी सलाम ठोकायचा. पुढे धोका असेल तर ठोकायचाच नाही. सलाम मिळाला नाही की सभासदाने थांबून कारण विचारायचं. न केलेल्या सलामाबद्दल कोणता न्यायाधीश शिक्षा देणार? मला ही गोष्ट फार आवडते, कारण ताफ्यात नेमकं हेच चालतं. आरशात गाडी दिसते आहे तोवर ‘सगळं ठीक’ हा निरोप आपोआप येत असतो. दिसेनाशी झाली की ते न दिसणं हाच निरोप.

आणि निरोप असूनही उपयोग नसणं कसं असतं ते १९०७ च्या पेकिंग ते पॅरिस प्रवासात दिसलं. १० जूनला पाच गाड्या निघाल्या: प्रिन्स बोर्गेझेंची इटाला, दोन द दिओं-बुताँ, एक स्पायकर आणि ऑग्युस्त पाँ यांची तीन चाकांची काँताल. वाट बरीचशी तारेच्या खांबांच्या कडेने जात होती, कारण बातम्या धाडायच्या होत्या. बोर्गेझेंबरोबर लुइजी बार्झिनी हे मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’चे बातमीदार होते. गोबीच्या वाळवंटात पाँग-किआँग नावाच्या ठाण्यावरून त्यांनी तार केली तेव्हा तारबाबूने तिच्यावर ‘एक नंबर’ घातला. आजची पहिली, असं बार्झिनींना वाटलं. ती ते ठाणं उघडल्यापासूनच्या सहा वर्षांतली पहिली तार होती. त्या वाळवंटातून युरोपला शब्द पोहोचत होता. पण काँतालचं पेट्रोल गोबीत संपलं तेव्हा पाँना पुढे गेलेल्या गाड्यांना ते कळवता येईना. पायी भटकून मरणाच्या दारात गेलेले पाँ आणि त्यांचा साथीदार तिथल्या भटक्या लोकांनी वाचवले. गाडी तिथेच राहिली. बोर्गेझे १० ऑगस्टला पॅरिसला पोहोचले. हजारो मैलांवरच्या छापखान्याशी संपर्क होता, मागच्या गाडीशी नव्हता.

आमच्याकडे सुरूरनंतर पहिला ठराव आला तो वॉकीटॉकीचा. सगळे एकदम तयार झाले, कारण यंत्र विकत घेणं हे सवय बदलण्यापेक्षा सोपं. पण जुनी गाडी आणि बिनतारी यंत्र यांचं मूळचं वैर आहे आणि ते समजून घ्यायला मजा येते.

पेट्रोल इंजिन ठिणगीवर चालतं आणि ठिणगी म्हणजेच रेडिओ लहर. हेर्ट्झने १८८० च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या त्या ठिणगी पाडूनच. सुरुवातीचे बिनतारी संदेशही ठिणगीच्या यंत्रांनीच जात. म्हणजे जुन्या गाडीच्या बॉनेटखाली एक ओबडधोबड प्रक्षेपक बसलेला असतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला दोन हजार फेरे झाले तर सेकंदाला सासष्ट-सदुसष्ट ठिणग्या पडतात. रेडिओत त्यांचा गुणगुणाट ऐकू येतो, पाय दाबला की त्याचा सूर चढतो. जागच्या जागी इंजिन चालू ठेवलं की टरटर. डायनामोच्या कार्बन ब्रशांखाली बारीक ठिणग्या पडतात, त्यांची शिट्टी वेगळी. नव्या गाड्यांत प्लगच्या आत रोध असतो आणि प्लगवायरीत तांब्याऐवजी कार्बनचा गाभा, त्यामुळे ठिणगीचा आवाज तिथल्या तिथे दबतो. जुन्या गाडीत ठिणगी वाटून देणाऱ्या डेल्कोपासून प्लगपर्यंत निखळ तांबं. पाच हजार ओहमच्या टोप्या प्लगना घातल्या तर बराच फरक पडतो. पण मूळ वायर आणि मूळ टोपीवर ज्यांनी बक्षिसं मिळवली आहेत त्यांना हे सांगून बघा.

यातून यंत्र कोणतं घ्यावं ते ठरतं. आपल्या देशात सत्तावीस मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड २००५ पासून पाच वॉटपर्यंत बिनपरवाना वापरता येतो. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकवाल्यांनी प्रसिद्ध केला तो हाच जुना बँड. त्याला ठिणगीचा आवाज भारी लागतो, कारण तिथे बहुतेक वेळा लहरीची उंची कमी-जास्त करून आवाज पाठवतात आणि ठिणगीही नेमकी उंचीच बिघडवते. शिवाय लहर अकरा मीटरची. तिच्या पाव लांबीचा अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर. आमच्या मॉरिसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये अंतर आहे सव्वादोन मीटरच्या थोडं वर. चाकांमधल्या अंतरापेक्षा काठी मोठी. दुसरा पर्याय ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा. कमी शक्तीचे हातातले संच २०१८ च्या नियमांनुसार या पट्ट्यात बिनपरवाना चालतात. लहर तीन वितींची, अँटेना बोटभर, आणि आवाज लहरीच्या वारंवारतेत भरलेला, त्यामुळे ठिणगीची कुरकुर बरीचशी बाहेरच राहते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. बाजारात स्वस्त संच मिळतात ते वाटेल त्या वारंवारतेवर लावता येतात. असा संच बिनपरवाना वापरणं गुन्हा आहे आणि तो पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या बोलण्यात घुसू शकतो. संचाला सरकारी मान्यता आहे का आणि तो फक्त बिनपरवाना पट्ट्यातच चालतो का, एवढं विचारून घ्यावं. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय बाळगायचं नाही हा कायदा आपल्याकडे १९३३ पासूनचा. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला. क्लबातल्या काही गाड्या त्या पहिल्या कायद्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

गाडीत पक्का बसवायचा संच घेतला तर पुढची गंमत सुरू. मॉरिसला बॅटरी सहा व्होल्टची, संचाला हवे बारा. बारा व्होल्टच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, आज असतं त्याच्या बरोबर उलट. अशा गाडीत नव्या संचाचा पत्र्याचा डबा डॅशबोर्डला टेकला की फ्यूज गेलाच. अँटेनाचीही तीच तऱ्हा. एका स्नेह्यांच्या भल्यामोठ्या, हाताने घडवलेल्या गाडीच्या टपावर आम्ही चुंबकाचा अँटेना ठेवला. तो चिकटेना. पुसून पाहिलं, उलटासुलटा करून पाहिला. बॉडी ॲल्युमिनियमची आहे हे मालकांना आठवायला पाच मिनिटं लागली. भोक पाडण्याचा विषय काढला तेव्हा त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही चुंबक खिशात घातला. शेवटी हातातले, आपापल्या बॅटरीवर चालणारे संचच सोयीचे ठरले. पत्र्याच्या बंद गाडीत त्यांचा पल्ला निम्मा होतो. हात खिडकीबाहेर काढून बोललं की वाढतो.

पल्ल्याबद्दल डब्यावर काय छापलं आहे ते विसरा. या लहरी जवळजवळ दृष्टीसारख्या सरळ जातात. दीड मीटर उंचीवरून क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आत असतं, म्हणजे सपाट माळावरही दोन गाड्यांमध्ये आठ-नऊ किलोमीटर हीच कमाल. अर्ध्या वॉटच्या संचाला तीही मिळत नाही. घाटात मध्ये डोंगराची सोंड आली की चारशे मीटरवरची गाडीही मुकी होते. पसरणीत आम्हाला खालच्या वळणावरची फियाट डोळ्यांनी दिसत होती तोवर ऐकू येत होती. वळणाआड गेली की खरखर. मग वरच्या वळणावर थांबलेली गाडी मधला दुवा होते. खालच्याचं ऐकायचं, वरच्याला सांगायचं.

संच किती घ्यायचे? आमच्या पहिल्या खेपेला प्रत्येक गाडीत होता आणि चौदा जण चौदा विषयांवर बोलत होते. आता चार असतात: लीड, स्वीप आणि मधल्या दोन टोळीवाल्यांकडे. आणि संच नेहमी डाव्या सीटवर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कयंत्र वापरणं मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात धोकादायक चालवण्यात मोडतं, आणि कलम नसतं तरी जुन्या गाडीच्या चालकाला तिसरा हात नाही. एक स्टिअरिंगला, एक गिअरला, आणि गिअर खाली घेताना दोनदा क्लच दाबत मध्ये ॲक्सिलरेटरला टोला द्यायचा. काही गाड्यांत ठिणगीची वेळ मागे-पुढे करायची दांडी चाकावरच.

मराठीत बोलणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे, तो आम्ही पडून शोधला. संचाचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं आणि बोलून झाल्यावर क्षणभर थांबून सोडायचं असतं. नाहीतर वाक्याचं डोकं किंवा शेपूट कापलं जातं. आपला नकार शेपटाला असतो. लीडने सांगितलं, “टोलनाक्यावर थांबू नका.” बटण जरा लवकर सुटलं. मागे पोहोचलं, “टोलनाक्यावर थांबू—” आणि पाच गाड्या टोलनाक्यावर थांबल्या. तेव्हापासून नियम केला: संचावर ‘नका’ नाही, ‘नाही’ नाही. थांबू नका म्हणायचं असेल तर ‘चालत राहा’. डावीकडे जाऊ नका म्हणायचं असेल तर ‘सरळ’. आकडेही फोडून सांगायचे; ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ खरखरीत सारखेच लागतात, आणि एकोणसाठ म्हटलं की ऐकणारा हिशोब करत बसतो. पाच-नऊ म्हणावं. गाडीला नावाने नाही, नंबराने हाक. ‘डुक्कर बोलतोय’ हा विनोद पहिल्यांदा चांगला होता.

मोबाइल आहेच. व्हॉट्सॲपवर आठ तासांपर्यंत आपली जागा इतरांना दिसत ठेवता येते आणि स्वीपच्या माणसाला त्याचा फार उपयोग होतो. पण ते नेटवर्क असेल तिथे, आणि घाटात ते नेमकं लागतं तेव्हा नसतं.

उरतात हात आणि दिवे. मॉरिसच्या दाराच्या खांबात ट्रॅफिकेटर आहेत, वळताना बाहेर येणारे केशरी हात. दुपारच्या उन्हात ते कुणाला दिसत नाहीत आणि बाहेर आलेला कधीकधी आत जात नाही; मग मी खांबाला आतून गुद्दा मारतो. आपल्या कायद्यात चालकाच्या उजव्या हाताच्या खुणा अजून आहेत. हात आडवा धरून तळवा खाली आणि वर-खाली हलवला तर वेग कमी करतोय. कोपरातून उभा धरला तर थांबतोय. आडवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला तर डावीकडे. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीला चालकाचा हात रस्त्याच्या मधोमध काढता येत नाही, म्हणून तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेचं इशारायंत्र सक्तीचं आहे. सहा व्होल्टचा ब्रेकलाइट म्हणजे देवघरातली समई. त्यामुळे आम्ही थांबण्याआधी हात काढतोच. हॉर्नची सांकेतिक भाषाही करून पाहिली. आपल्या रस्त्यावर हॉर्नने निरोप द्यायचा म्हणजे वरातीत कुजबुजायचं. एसटीच्या कंडक्टरची घंटी चालते, कारण ती ऐकणारा एकच असतो: एक घंटी थांबा, दोन घंट्या चला.

दिव्याची युक्ती मात्र टिकली. दिवसा कुणीही हेडलाइट लावायचे नाहीत. मागे अडचण आली की अडलेल्याच्या पुढचा लावतो, ते आरशात बघून त्याच्या पुढचा लावतो, असा उजेड सरकत लीडपर्यंत येतो. याला परवाना लागत नाही, डोंगर आडवा आला तरी वळणावळणाने तो येतोच. अट एकच की प्रत्येकाने आरशात बघत राहायचं. आणि कित्येक जुन्या गाड्यांना आरसा नव्हताच. असला तर बशीएवढा, आणि इंजिनाच्या थरथरीने त्यात मागची एक गाडी तीन दिसतात. काकांनी मॉरिसला बाहेरून चिमट्याचा आरसा लावला, भोक न पाडता. दर दोन-तीन मिनिटांनी ते विचारतात, “मागची दिसतेय का रे?”

वळणांचा नियम याच प्रश्नातून निघाला. आपण वळलो आणि मागची आरशात नसेल, तर तिथेच थांबायचं, कोपऱ्यावर, ती आपल्याला बघेपर्यंत. पुढचे गेले तरी जाऊ द्यायचे. आपण थांबलो की आपल्या पुढच्याच्या आरशातून आपण जातो, मग तोही पुढच्या वळणावर थांबतो, आणि असं करत लीडला कळतं. यात पुढच्याचा पाठलाग करायचा मोह सोडावा लागतो, तेच अवघड. सुरूरला आठव्या गाडीने तो सोडला असता तर मिसळ आम्हीही खाल्ली असती.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच रस्ता. या खेपेला आठवे आम्ही होतो. सुरूरला वळलो, आरसा रिकामा. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालू ठेवलं, हात बाहेर उभा धरला. पुढची फियाट लांब गेली. मागून उसाचा ट्रॅक्टर गेला, एक एसटी गेली, मोटरसायकलवरचे दोघे थांबून “काय झालं काका?” म्हणून विचारून गेले. तापमानाचा काटा चढायला लागला. मी पाण्याचा कॅन पायाशी ओढून घेतला. चार मिनिटांनी हमरस्त्याच्या बाजूने नववी गाडी आली, वेग कमी न करताच सरळ निघाली होती, तेवढ्यात चालकाने काकांचा हात पाहिला. त्याने ब्रेक दाबला, गाडी जराशी फरफटली आणि वळली. जवळून जाताना त्याने दाराच्या पत्र्यावर बोटांनी दोनदा टकटक केली.

“डबल बेल,” काका म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.